डोंगरातल्या जंगलात आरव्ही नेताना सोबत मोटरसायकल हवीच का?

उनाडवाट :
राम राम मंडळी. अमेरिकेत राहून आरव्हीने (चाकांवरच्या घराने) भटकणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतोय.

आम्ही चोवीस फुटी ट्रेलर पिकअपमागे लावून फिरतो. आरव्ही पार्कात पाणी, वीज, सांडपाणी सगळी सोय असते, पण शेजाऱ्याच्या खिडकीला लागून आपली खिडकी. त्यामुळे हळूहळू नॅशनल फॉरेस्टमध्ये, फॉरेस्ट रोडच्या कडेला, कुठल्याही जोडणीशिवाय राहायची गोडी लागली. बऱ्याच फॉरेस्टमध्ये एका जागी १४ दिवस विनाशुल्क राहू देतात (प्रत्येक फॉरेस्टचे नियम वेगळे, आधी बघून घ्यावे लागतात). यंदा कोलोरॅडोत सॅन हुआन डोंगरांकडे, सिल्व्हरटन-युरे भागात जायचं घाटतंय.

माझं मत असं बनलंय की अशा ठिकाणी छोटी मोटरसायकल ही हौस नाही, गरज आहे. ट्रेलर घेऊन कच्च्या रस्त्यात शिरण्याआधी पुढे वळायला जागा आहे का, फांद्या किती खाली आल्यात, चांगली जागा कुणी आधीच धरलीय का, हे बाईकवरून बघून येता येतं. एकदा तळ पडला की मग वरच्या खिंडी फिरायलाही तीच.

घरात मात्र दोन मतं आहेत. बायको म्हणते, "तीनशे पौंडांचं ओझं वाहायचं, वर तिची देखभाल. ट्रेलर सोडून पिकअपने फिरू की." तिच्या म्हणण्यातही तथ्य आहे.

ज्यांनी बाईक नेलीय त्यांनी सांगा : कशी नेता, कोणती नेता, आणि काही बिघडलं तर जंगलात काय काय दुरुस्त करता येतं?

शेकोटी :
हौस म्हणा, गरज म्हणा, बाईक घ्यायला कारण मिळालं ना, बास! :) वाचतेय.

जुना_मेकॅनिक :
चांगला विषय. बाईक कोणती हे नंतर, आधी वजनाचं बोलू.

ट्रेलरच्या मागच्या बंपरला कॅरिअर लावून त्यावर बाईक बांधलेली पुष्कळदा दिसते. कृपा करून तसं करू नका. बहुतेक ट्रेलरचा मागचा बंपर म्हणजे पातळ पत्र्याचा चौकोनी पाइप असतो, आत सांडपाण्याची नळी ठेवण्यापुरता. स्टेपनीपलीकडे त्यावर काही टांगायचं नसतं. कच्च्या रस्त्यावर हादरे बसले की वेल्डिंग उकलतं.

दुसरं कारण त्याहून मोठं. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढे हिचवर (ट्रेलर पिकअपला जोडायच्या जागी) असावा लागतो. समजा ट्रेलर ६००० पौंडांचा आहे आणि हिचवर ७०० पौंड येतात, म्हणजे सगळं ठीक. आता ३०० पौंडांची बाईक आणि ७० पौंडांचं कॅरिअर मागे लावलं. अ‍ॅक्सलपासून हिच १५ फूट पुढे आणि बाईक १२ फूट मागे धरली, तर हिचवरचे जवळजवळ ३०० पौंड उचलले गेले. उरले ४००, एकूण वजनाच्या साडेसहा टक्क्यांच्याही खाली. असा ट्रेलर सपाट रस्त्यावर ४० मैलांच्या वेगात शहाण्यासारखा चालेल. घाट उतरताना शेजारून मोठा ट्रक गेला की डोलायला लागेल, आणि मग आवरणार नाही.

तुमच्याकडे पिकअप आहे, तर बाईक हौद्यात ठेवा. फक्त ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा पिवळा स्टिकर वाचा. त्यावर लिहिलेल्या वजनात माणसं, हौद्यातलं सामान, बाईक आणि हिचवरचा भार, हे सगळं बसायला हवं. अर्ध्या टनाच्या पिकअपमध्ये ते फार लवकर संपतं.

टेकडीवरचा :
काकांशी सहमत. आम्ही यावर टॉय हॉलर हा उपाय केला. मागे गॅरेज, मागची भिंत खाली पडली की तीच रॅम्प, बाईक आत. ऊन-पाऊस नाही, चोरीची भीती नाही.

पण त्यालाही खोड आहे. गॅरेज रिकामं असताना हिचवर भार जास्त आणि बाईक चढल्यावर कमी, कारण गॅरेज अ‍ॅक्सलच्या मागे असतं. म्हणून दोन्ही अवस्थांत वजनकाट्यावर नेऊन बघायचं. ट्रकच्या थांब्यांवर काटे असतात, थोडक्या पैशांत काम होतं. पाण्याची टाकी अ‍ॅक्सलच्या पुढे आहे की मागे यावरही बरंच ठरतं.

पेट्रोलचा कॉक बंद करून, तासभर दार उघडं ठेवूनच आम्ही गॅरेजमध्ये पलंग खाली घेतो. पेट्रोलच्या वासात मुलांना झोपवायचं नाही, हा आमच्याकडे न मोडणारा नियम.

मृण्मयी :
@उनाडवाट, तुमच्याकडे पिकअप आहे म्हणून हा प्रश्न तरी पडतोय. आमचं क्लास सी मोटरहोम आहे. त्यात घर आणि गाडी एकच. एकदा लेव्हल करून, छत्री उघडून, चटया टाकून बसलो की दुधाच्या कॅनसाठीसुद्धा अख्खं घर आवरून निघावं लागतं. आणि परत येईपर्यंत जागा कुणीतरी घेतलेली!

त्यामुळे आमच्याकडे मागे हिचच्या कॅरिअरवर यामाहा टीडब्ल्यू२०० असते. मोटरहोमला मागे हिचवर बांधणं ट्रेलरइतकं वाईट नाही, पण मागच्या अ‍ॅक्सलवरचा भार मोजायलाच हवा, आणि मागे लांब शेपूट असलेल्या मोटरहोमचं पुढचं चाक हलकं होतं तेही बघायला हवं. बाईक २७८ पौंडांची, सीट बुटकी, टायर बुटबुटीत जाड. मी पाच फुटांची आहे, तरी दोन्ही पाय टेकतात. दगडगोट्यांत आणि ओल्या मातीत ही बाईक अजिबात घाबरवत नाही. वेग नाही, पण जंगलातल्या रस्त्याला वेग हवाय कुणाला?

दुचाकीस्वार :
टीडब्ल्यूला माझं पूर्ण अनुमोदन, फक्त सॅन हुआनसाठी एक गोष्ट. ती कार्ब्युरेटरवाली आहे. दर हजार फुटांना इंजिनची साधारण ३ टक्के ताकद जाते. त्यात कार्ब्युरेटरला हवा विरळ झाल्याचं कळत नाही, तो पेट्रोल तेवढंच सोडतो, मिश्रण जाड होतं आणि गाडी गुदमरते. १२ हजार फुटांवर २०० सीसीच्या बाईकवर एकटं माणूस चढतं, दोघं बसलात तर मागच्याला उतरून चालावं लागेल. तिकडेच जास्त फिरायचं असेल तर इंजेक्शनवाली घ्या. होंडा सीआरएफ३००एल सगळं पेट्रोल-पाणी धरून ३०९ पौंड आहे, म्हणजे वजनात फारसा फरक नाही. सीट मात्र उंच.

आता रस्ते. उनाडवाट, तुम्ही ज्या भागात जाताय तिथे अल्पाइन लूप आहे : लेक सिटी, सिल्व्हरटन आणि युरे यांना जोडणारा ६५ मैलांचा कच्चा फेरा. त्यात सिनॅमन पास १२,६४० फूट आणि एंजिनिअर पास १२,८०० फूट. सिल्व्हरटनकडून अ‍ॅनिमस फोर्क्सला जा. ११ हजार फुटांच्या वर वसवलेलं खाणकामगारांचं गाव, १९२० च्या दशकापर्यंत ओसाड पडलेलं. लाकडी घरं अजून उभी आहेत, एकाला तर पुढे काढलेली देखणी खिडकी आहे. तिथून एंजिनिअरवर चढा. युरेकडून महामार्ग ५५० वरून थेट चढणारा तुकडा मोठमोठ्या दगडांचा आहे, नवख्याने तिकडून सुरुवात करू नये. बर्फ हटवल्याशिवाय या खिंडी उघडत नाहीत, त्यामुळे जूनच्या आधी जाऊन उपयोग नाही. जुलै-ऑगस्टमध्ये रोज दुपारी वीज कडाडते. सकाळी लवकर निघायचं आणि बाराच्या आत, जिथून वर झाडं उगवत नाहीत त्या रेषेखाली यायचं.

ट्रेलर घेऊन ५५० वर सिल्व्हरटन आणि युरेच्या मधला टप्पा करणार असाल तर दक्षिणेकडून उत्तरेला जा. तसं गेलं की तुम्ही डोंगराच्या बाजूने असता. उलट दिशेने दरीच्या काठाची लेन येते आणि बऱ्याच ठिकाणी कठडा नाही.

उनाडवाट :
@दुचाकीस्वार, ही दिशेची गोष्ट फार मोलाची. आम्ही नेमके युरेकडून येणार होतो! आता ड्युरँगोकडून चढतो.
@जुना_मेकॅनिक काका, पिवळा स्टिकर आत्ता बघून आलो. बायको, मुलगा, बाईक आणि हिचचा भार धरून जेमतेम दीडशे पौंड उरतात. म्हणजे माझी अवजारांची पेटी ट्रेलरमध्ये जाणार.

निवांत :
थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

जंगलात मी शांततेसाठी जातो. मागच्या उन्हाळ्यात पहाटे एल्कचा (मोठ्या हरणांचा) कळप ओढ्यावर आला होता, पिलं पाण्यात उतरत होती. तेवढ्यात सायलेन्सर बदललेल्या दोन बाईक खालून आल्या आणि क्षणात सगळा कळप झाडीत. त्या रस्त्यावर बाईकला परवानगी होती, कायदा कुणी मोडला नाही. पण त्या सकाळचं जे गेलं ते गेलं.

आणि जागांचं काय झालंय बघा. रस्ता सोडून कुरणात चाकं घातलेली, ओढ्याकाठी चर पडलेले. त्या उंचीवरच्या कुरणात एका चाकाचा ओरखडा भरून यायला वर्षानुवर्षं जातात, तिथे गवत वाढायला बर्फाविना जेमतेम दोन-तीन महिने मिळतात. मग फॉरेस्टवाले मोठे दगड टाकून जागाच बंद करतात आणि सगळेच मुकतात. पाहणी पायीही करता येते. अर्धा मैल चालून या, जागा बघा, परत येऊन ट्रेलर न्या.

मृण्मयी :
@निवांत, राग कसला, तुम्ही लिहिलंय ते आम्हालाही सलतं. म्हणूनच आमच्या बाईकचा मूळ सायलेन्सर कधीच बदलला नाही. सकाळी आणि संध्याकाळी, जनावरं बाहेर पडायच्या वेळी, आम्ही बाईक काढतही नाही.

दुचाकीस्वार :
@निवांत यांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, आणि त्याचं उत्तर बहुतेकांना माहीत नसलेल्या एका नकाशात आहे. २००५ च्या नियमानंतर नॅशनल फॉरेस्टना 'मोटर व्हेइकल यूज मॅप' काढावा लागतो. कुठला रस्ता कुठल्या वाहनाला आणि वर्षातल्या कुठल्या महिन्यांत खुला आहे, ते त्यात असतं. नकाशात रस्ता नसेल तर तो बंद, मग जमिनीवर चाकांच्या कितीही खुणा असोत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक ठिपके काढलेले दिसले तर तिथे ठरावीक अंतरापर्यंत गाडी आत घेऊन मुक्काम करता येतो. ठिपके नाहीत तर आत शिरायचं नाही. दिसायला ओबडधोबड काळा-पांढरा कागद आहे, पण कायद्याने तोच खरा. फुकट मिळतो, फोनवर अव्हेंझा या नकाशांच्या अ‍ॅपमध्ये उतरवून घेतला की सिग्नल नसतानाही आपण कुठे आहोत ते दिसतं.

आणि १९६४ च्या कायद्याने वाइल्डरनेस म्हणून राखलेल्या भागात कुठलंच इंजिन चालत नाही. सिल्व्हरटनच्या आग्नेयेला वेमिनुच वाइल्डरनेस आहे, कोलोरॅडोतलं सगळ्यात मोठं. निवांत, तुमची एल्कची पहाट तिथे नक्की सापडेल.

निवांत :
वेमिनुचला जाऊन आलोय, परत जाणार आहे. ठिपक्यांचं माहीत नव्हतं, धन्यवाद. सगळ्यांनी तो नकाशा पाळला तर माझी तक्रार निम्मी होईल. सायलेन्सरची निम्मी उरेल.

सौरकिरण :
मी बाईकवाला नाही, पण 'जंगलात काय दुरुस्त करता येतं' यावर लिहितो, कारण उंचावर निम्मे बिघाड खरे बिघाड नसतातच.

सगळ्यात जास्त विचारलं जाणारं : रात्री हीटरचा पंखा फिरतो पण आग धरत नाही. लोक प्रोपेन संपला समजून टाकी बदलतात. आधी बॅटरीचा व्होल्टेज बघा. हीटरमध्ये हवेच्या झोताने ढकलला जाणारा पातळ पत्र्याचा स्विच असतो. पंखा पुरेशा जोरात फिरला तरच तो दाबला जातो आणि मगच गॅस सुटतो. बॅटरी खाली गेली की पंखा फिरतो, पण सुस्त. स्विच दाबला जात नाही, हीटर स्वतःच्या सुरक्षेसाठी थांबतो. पंखा सात-आठ अँपिअर खातो. रात्रभरात एकूण पाच तास फिरला तर ४० अँपिअर-तास संपले. जुन्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीची अर्धीच क्षमता वापरायची असते, म्हणजे १०० ची बॅटरी पहाटे हीटरनेच जवळजवळ संपवली.

बॅटरी ठीक असेल तर त्या स्विचच्या पात्यावर धूळ, कुत्र्याचे केस, लोकर काय अडकलंय ते बघा. चिमट्याने काढलं की बहुधा काम होतं. तेही नसेल तर बर्नरच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली की जाळं किंवा काजळी समजा. आणि पिवळी ज्योत दिसत असताना हीटर लावून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवर तारीख छापलेली असते, पाच-सात वर्षांत तो बाद होतो. बटण दाबल्यावर वाजतो म्हणजे चालतो असं नाही.

लिथियम बॅटरी घेतली असेल तर ती शून्य अंश सेल्सियसच्या खाली चार्ज करायची नसते. ट्रेलरच्या जिभेवरच्या (पुढच्या जोडदांड्यावरच्या) पेटीत ठेवली आणि पहाटे ऊन पॅनलवर पडलं तर काय होईल विचार करा. चांगल्या बॅटरीत रोखणारी यंत्रणा असते, पण ती आहे का ते घेण्याआधी वाचा. शक्य असेल तर बॅटरी घरात आणा.

जनरेटरचंही दुचाकीस्वारांनी सांगितलं तसंच, १० हजार फुटांवर ३० टक्के ताकद गेलेली असते. खाली चालणारा एसी वर सुरू होत नाही, पण तिथे एसी लागतोच कुणाला.

अनघा_रानातली :
सौरकिरण, फ्रिजचं पण लिहा ना! आमचा गॅसवरचा फ्रिज डोंगरात गेलं की रुसतो.

सौरकिरण :
ताई, गॅसवरच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. अमोनियाचं पाणी गरम होऊन वर चढतं आणि उताराने खाली वाहतं, सगळा खेळ त्या उताराचा. गाडी दोन-तीन अंशांपेक्षा जास्त कलली तर वाहणं थांबतं, आणि तसाच चालू ठेवला तर मागची नळी आतून कायमची खराब होते. म्हणून डोंगरात पोचल्यावर पहिलं काम लेव्हल, बाकी सगळं मग. दुसरं म्हणजे साधारण साडेपाच हजार फुटांच्या वर विरळ हवेत ज्योत नीट जळत नाही. बर्नर दर वर्षी उघडून ब्रशने झाडून ठेवला तर त्रास कमी होतो. बर्नरचं छिद्र मात्र पिनेने किंवा तारेने टोचू नका, त्याचा आकार बदलतो.

अनघा_रानातली :
खूप आभार, हे कुणीच सांगितलं नव्हतं.

मी माझ्याकडून दोन गोष्टी घालते. एक, १० हजार फुटांवर पाणी ९० अंशांनाच उकळतं. साध्या पातेल्यात डाळ तासन्‌तास तशीच राहते आणि गॅस मात्र संपतो. कुकर न्याच.

दोन, प्राणी. अस्वलांचं सगळ्यांना माहीत असतं (खाणं, टूथपेस्ट, कुत्र्याचं अन्न, काही बाहेर ठेवायचं नाही), पण मार्मोट (खारीच्या कुळातला जाडजूड प्राणी) कुणी मनावर घेत नाही. कॅलिफोर्नियात सिक्वोया नॅशनल पार्कच्या मिनरल किंगला ते गाड्यांखाली शिरून रेडिएटरचे पाइप आणि वायरी कुरतडतात, म्हणून लोक अख्खी गाडी ताडपत्रीत गुंडाळून ट्रेकला जातात. सॅन हुआनमध्येही मार्मोट भरपूर आहेत. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी बॉनेट उघडून बघायचं. बाईकचं सीट पण तपासा, घामाच्या मिठासाठी चाटतात-कुरतडतात.

शेकोटी :
ताडपत्रीत गुंडाळलेल्या गाड्यांची रांग डोळ्यांसमोर आली. :)))

उनाडवाट :
अनघाताई, कुकरचा मुद्दा ऐकून बायको या धाग्याच्या बाजूने झुकलीय!
काका, कच्च्या रस्त्यावर ट्रेलरचं सगळ्यात आधी काय जातं?

जुना_मेकॅनिक :
पाट्यांचे बोल्ट. हे जरा सविस्तर लिहितो, कारण कुणी बघत नाही आणि जातं तेव्हा रस्त्यातच जातं.

ट्रेलरच्या कमानीचे पाटे फ्रेमला ज्या शॅकलने टांगलेले असतात, त्या बोल्टभोवती कारखान्यातून प्लॅस्टिकचा बुश येतो. तो झिजला की बोल्ट थेट लोखंडावर घासतो, भोक लांबट होतं, आणि पन्हाळी पडलेल्या रस्त्यावर एक दिवस बोल्ट तुटतो. ओळखायची खूण : बाजूला उभं राहून दोन चाकांमधलं अंतर बघा. डाव्या-उजव्या बाजूला ते वेगळं दिसलं, किंवा एक चाक मडगार्डच्या जवळ गेलेलं दिसलं, की खाली वाका.

मागे एका फॉरेस्ट रोडला शेजारी तळ टाकलेल्या कुटुंबाचा असाच बोल्ट तुटला. तिथेच दुरुस्ती केली. पलीकडच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावले. जमीन भुसभुशीत, म्हणून जॅकखाली जाड फळी. जॅक फ्रेमला लावायचा, अ‍ॅक्सलला नाही, कारण पाट्यावरचा ताण सोडवायचा असतो. फ्रेमखाली स्टँड लावल्याशिवाय डोकं आत घालायचं नाही. चाक काढलं, तुटलेला तुकडा ठोकून बाहेर काढला. या बोल्टच्या मानेला खाचा असतात, त्या शॅकलच्या भोकात घट्ट रुततात. त्यामुळे बोल्ट फिरवायचा नाही, नटच फिरवायचा. बोल्ट फिरवलात तर खाचा घासून जातात आणि तो कायम सैल राहतो. माझ्याकडे जादा बोल्ट होता. पितळी बुश नव्हता, तो आणायला त्यांचा मुलगा बाईकवर खालच्या गावात जाऊन आला. @उनाडवाट, बाईक गरज आहे का, या तुमच्या प्रश्नाला ही एक दुपार पुरेशी आहे. पिकअपही गेला असता, पण त्यांच्याकडे मोटरहोमच होतं आणि ते मागे ओढत असलेला ट्रेलर जॅकवर. गाव वीस मैल.

घरी असतानाच सगळे बुश पितळी करून घ्या आणि ग्रीसचा निप्पल असलेले बोल्ट टाका. एका शनिवारचं काम आहे. सोबत जादा दोन बोल्ट, नट, एक शॅकल पट्टी. बेअरिंगना वर्षातून एकदा ग्रीस. थांबाल तिथे हबवर हात धरा, हात न लावता येण्याइतका एकच हब तापला असेल तर त्या बाजूचं बेअरिंग किंवा ब्रेक. चाक बदललं तर ५० मैलांनी नट पुन्हा आवळा. आणि टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा : ३५१९ म्हणजे २०१९ च्या पस्तिसाव्या आठवड्यातला. नक्षी नवी दिसली तरी सहा वर्षांच्या पुढचा ट्रेलर टायर डोंगरात नेऊ नये.

टेकडीवरचा :
काका, हे सगळं छापून ट्रेलरच्या दारामागे चिकटवतोय.

उताराची भर माझ्याकडून. वायोमिंगमध्ये बिगहॉर्न डोंगरातून लव्हेलकडे उतरणारा १४ए रस्ता १० टक्के उताराचा आहे. तिथे ब्रेकवर पाय ठेवून उतरायला गेलात तर अर्ध्यातच जळका वास येतो. वरच, उतार सुरू होण्याआधी, खालचा गिअर टाका. वेग वाढला की दाबून झटकन कमी करा आणि ब्रेक पूर्ण सोडा, त्याला गार व्हायला वेळ द्या. वास आलाच तर सुरक्षित जागी थांबून अर्धा तास बसा, वर पाणी ओतू नका.

दुचाकीस्वार :
बाईकच्या दुरुस्तीबद्दल कुणी लिहिलं नाही. या बाईकना ट्यूबचे टायर असतात, तेव्हा पंक्चर स्वतः काढता यायलाच हवं. मी २१ इंची पुढची ट्यूब एकच नेतो. अडचणीला ती मागच्या १८ इंची चाकातही घालता येते, गावापर्यंत पोचवते. उलट जमत नाही. तीन टायर लिव्हर, छोटा पंप, साबणाचं पाणी. घरी एकदा अंगणात पूर्ण टायर काढून बसवून बघा, जंगलात पहिल्यांदा करू नका. ट्यूबच्या वॉल्व्हवरचा नट रिमला आवळून ठेवू नका, वर टोपीकडे सरकवून ठेवा. टायर रिमवर सरकला तर वॉल्व्ह तिरका दिसतो आणि फाटण्याआधी कळतं.

चेनची जादा जोडकडी न्या. तिची क्लिप बसवताना बंद टोक चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला ठेवायचं, म्हणजे दगड लागला तरी निसटत नाही. क्लचची जादा केबल जुनीच्या शेजारी बांधून ठेवा. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर पडल्यावर हमखास तुटतात, एकेक जादा असू द्या. बाकी पक्कड, दहा-बारा-चौदाचे पाने, टेप आणि तार.

आणि एकट्याने जाणार असाल तर तळावरच्या माणसाला वाट आणि परतायची वेळ सांगून जा. मोंटाना-आयडाहोमधला मॅग्रुडर कॉरिडॉर १०१ मैलांचा आहे, दोन्ही बाजूंना वाइल्डरनेस, मध्ये पेट्रोल नाही, दुकान नाही, फोन नाही. ट्रेलर नेण्यासारखा तो रस्ताच नाही. तिथे उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र खिशात हवं, बाईकच्या पिशवीत नको. बाईक दरीत आणि तुम्ही वर, असं झालं तर?

निवांत :
वणव्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून पुन्हा आलो. जून २०१८ मध्ये ड्युरँगोजवळ '४१६' नावाचा वणवा लागला तेव्हा संपूर्ण सॅन हुआन नॅशनल फॉरेस्ट काही दिवस लोकांना बंद केलं होतं. सुट्ट्या काढून आलेल्यांना परत जावं लागलं. निघायच्या आदल्या दिवशी फॉरेस्टच्या कचेरीला फोन करून निर्बंध विचारा. पहिल्या टप्प्यात जंगलात उघड्यावर शेकोटी बंद असते, दुसऱ्यात सरकारी कॅम्पग्राउंडमधलीही. बंद करता येईल असा कॉक असलेली गॅसची शेगडी साधारणपणे चालते.

आणि झाडं बघा. या भागात स्प्रूसच्या भुंग्याने डोंगरच्या डोंगर वाळवलेत. करड्या वाळक्या झाडाखाली तळ नको, वाऱ्याशिवायही ती कोसळतात. बाईकवरून जागा बघायला जाणारच असाल तर नुसतं वळायला जागा आहे का ते बघू नका, मान वर करा.

उनाडवाट :
सगळ्यांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी बायकोबरोबर पूर्ण धागा पुन्हा वाचला. ठरलं ते असं : सीआरएफ३००एल, पिकअपच्या हौद्यात, अवजारं ट्रेलरच्या पुढच्या कप्प्यात, आणि निघण्याआधी वजनकाटा. पितळी बुश मागवले. बायकोची एक अट आहे, मागच्या सीटवर ती बसणार नाही, तिला स्वतःला चालवायला शिकायचंय. म्हणजे सीटची उंची पुन्हा बघायला हवी.

मृण्मयी :
वहिनींना सांगा, आधी टीडब्ल्यूवर शिका! नवख्यांसाठीचा दोन दिवसांचा मोटरसायकल सेफ्टीचा कोर्स बहुतेक राज्यांत असतो, तोही करून घ्या. खडीवर उभं राहून चालवणं नंतर कुरणातल्या नाही, रस्त्यावरच्याच मोकळ्या जागी शिकवा.

उनाडवाट :
सांगितलं. आता 'तुम्हाला सीआरएफ, मला टीडब्ल्यू' असं चाललंय. काका, दोन बाईक बसतील का हो दीडशे पौंडांत?

जुना_मेकॅनिक :
नाही बसणार. एकच घ्या, बुटकी घ्या, दोघं आळीपाळीने चालवा. टीडब्ल्यूची ताकद वर कमी पडते हे खरं, पण एकेकट्याने सिनॅमनपर्यंत ती जाते. पुढच्या वर्षी मोठा पिकअप झाला की दुसरीचं बोलू.

शेकोटी :
एक शंका. बाईकला स्पार्क अरेस्टर (सायलेन्सरमधून ठिणग्या बाहेर पडू न देणारा भाग) लागतोच का? जुनी बाईक बघतेय, आधीच्या मालकाने सायलेन्सर बदललाय.

दुचाकीस्वार :
लागतोच. नॅशनल फॉरेस्टमध्ये सक्ती आहे आणि रेंजर वाकून तपासतात. मूळ सायलेन्सरवर बहुधा फॉरेस्ट सर्व्हिसच्या मान्यतेचा छाप कोरलेला असतो, बदललेल्यावर तो शोधा. नसेल तर आधीच्या मालकाकडे मूळ सायलेन्सर पडून असेल, सौद्यात तो मागून घ्या. निवांतही खूश होतील.

निवांत :
फार खूश होईन.